जुन्या दप्तरातली तोडकी अक्षरं आणि आपली माणसं



उजनी धरण १९८० साली पुरे झाले. भीमाकाठची जुनी गावठाणं पाण्याखाली गेली आणि करमाळा, इंदापूर तालुक्यांतली कितीतरी गावं वर सरकून नव्यानं वसली. घरं गेली, पण सरकारी दप्तर राहिलं. ते वाचताना मात्र तोडकी अक्षरं अडवतात.

आजा-पणजाचं नाव शोधायला पुष्कळजण जनगणनेचं पुस्तक मागतात. त्यात नाव मिळत नाही. १९४८ च्या कायद्यानं घरोघरची माहिती गुप्त राहते. छापले जातात ते गावाचे आकडे. त्यातलं ‘अ.जा.’ म्हणजे अनुसूचित जाती. १९६१ साली हा आकडा एकदम घटलेला दिसला, तर आपली माणसं गाव सोडून गेली असं समजू नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी धर्म ‘बौद्ध’ सांगितला, आणि तेव्हाच्या नियमानं बौद्ध अ.जा.त धरले जात नव्हते. महाराष्ट्रात १९५१ साली बौद्ध होते २,४८७. १९६१ साली झाले २७,८९,५०१. १९९० च्या कायदा दुरुस्तीनंतरच बौद्ध त्या रकान्यात आले.

नाव हवं असेल तर जुना सातबारा आणि फेरफार काढावा. तिथं ‘अमका बिन तमका’ म्हणजे तमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे बायको. या दोन शब्दांवर दोन-तीन पिढ्या जुळतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस लहान होता, म्हणून पुढं बहुधा आईचं किंवा चुलत्याचं नाव येतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्या भावाचं एकट्याचं दिसलं, तरी धाकट्यांचा हक्क त्यात असतो. हे न समजल्यानं भावाभावांत तंटे होतात. ‘इनाम वर्ग ६ ब’ दिसलं तर ती बहुधा महार वतनाची जमीन. ही वतनं १९५९ साली खालसा झाली. पुढं अशा जमिनीवर ‘न.अ.श.’ आढळतं. म्हणजे नवीन अविभाज्य शर्त. परवानगीशिवाय ती विकता येत नाही.

तलाठी कार्यालयात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नकला मिळतात. त्या आणून घरच्या थोरल्या माणसांपुढं वाचाव्यात. कागदावरचं नाव कुणाचं, हे सांगणारे म्हातारे-म्हाताऱ्या आहेत तोवर वहीत वंशावळ उतरवून ठेवावी. गाव बुडालं, पण नाव बुडू देऊ नये.

जय भीम!