तळटीप : मौजे अडगाव
१. अडगाव : हल्लीच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातील गाव. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच्या शिवारात इंग्रज सेनापती वेलस्लीने नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बंधू मन्याबापू व त्यांच्या साहाय्यास असलेले शिंद्यांचे घोडदळ यांचा पराभव केला. असईच्या लढाईत अचल राहिलेल्या त्याच्या काही पलटणी येथे तोफांच्या भडिमाराने प्रथम उधळल्या होत्या, हे त्याने स्वतःच नमूद केले असल्याने शंकेस जागा नाही. पुढे देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर) वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, तथापि नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि अकोट, अडगाव आदी परगणे त्यांच्याकडेच राहिल्यामुळे, ज्या भूमीवर त्यांची फौज मोडली तेथील रयत, मोठे विलक्षणच म्हणावयाचे, त्यानंतरही त्यांच्याच दप्तरी सारा भरीत राहिली.