अणुवीज, एस्टिमेट आणि बुलढाण्याचा अंधार

बुलढाणा जिल्ह्यात अणुभट्टी नाही. तरी अणुऊर्जेच्या वादाशी इथल्या माणसाचा संबंध येतोच, कारण महाराष्ट्रात हा वाद रंगला तेव्हा 'लोडशेडिंगने होरपळलेला ग्रामीण भाग' हा हुकमी मुद्दा होता. 2005 नंतरची ती वर्षं आठवा. मेहकर-चिखलीकडच्या खेड्यांत कित्येक तास वीज नसायची, आणि शेतकरी रात्री मोटार चालू करायला निघायचा. अशा माणसाला कोणी 9,900 मेगावॉट म्हटलं की तो हिशेब विचारत बसेल का?

तो आकडा जैतापूरचा. फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या रत्नागिरी जिल्ह्यात उभ्या राहणार होत्या. 2009 साली सामंजस्य करार झाला.

मंडळी, आपण आयटीवाले. नवं एस्टिमेट आलं की आधी त्या टीमचा जुना रेकॉर्ड बघतो. तोच नियम इथे लावू.

1954 साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी स्वप्न दाखवलं, की वीज इतकी स्वस्त होईल की मीटर लावणंही परवडणार नाही. आपल्याकडे होमी भाभांनी 1962 साली अंदाज दिला: 1987 पर्यंत 20 ते 25 हजार मेगावॉट. प्रत्यक्षात 1987 साली क्षमता होती हजार-दीड हजाराच्या दरम्यान. मग 1984 साली नवं लक्ष्य आलं, 2000 पर्यंत 10 हजार. झाले तीन हजाराच्या आत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी मदत आटली, तरी आपल्या लोकांनी भट्ट्या बांधल्या. 1969 साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिट्सनी अनेक वर्षं अगदी स्वस्त वीज दिली. मात्र त्यांची क्षमता 210 वरून 160 मेगावॉटवर आणावी लागली होती. म्हणजे तंत्रज्ञान खोटं नाही, वेळापत्रक खोटं ठरतं.

जैतापूरचंही तेच झालं. 2011 च्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं, एप्रिलमध्ये जैतापूर आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. तशीच भट्टी फिनलंडच्या ओल्किलुओटोमध्ये 2005 पासून बांधली जात होती. ती 2009 ला सुरू व्हायची होती, नियमित उत्पादन सुरू झालं 2023 साली! जैतापुरात अजून एकही भट्टी उभी नाही.

दरम्यान शेगावच्या पुढे, अकोला जिल्ह्यातल्या पारसला, कोळशावरचे 250 मेगावॉटचे दोन संच 2008 आणि 2010 मध्ये आले. धूर आणि राख आली, पण वीजही आली. 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजना आली. शेतीला दिवसा वीज, हे तिचं उद्दिष्ट. रात्री ओलीत करणाऱ्याला नेमकं हेच हवं होतं.

2025 च्या बजेटमध्ये पुन्हा लक्ष्य आलं: 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज. कार्बनचा प्रश्न खरा आहे, त्यामुळे अणुवीज लागेलही. पण आकड्याशेजारी जुने आकडे छापा, आणि उशीर झाला तर खर्च कोण भरणार तेही लिहा. चुकलेल्या एस्टिमेटची किंमत एस्टिमेट देणारा मोजत नाही. ती अंधारात वाट बघणारा मोजतो.

असो. पुढचा आकडा ऐकाल तेव्हा मागचा आठवा, एवढंच.