चौंडक्याची रात्र

ऑक्टोबर १९८९. कोजागिरी. सोलापूरच्या रूपाभवानीला हात जोडून तुम्ही अनवाणी निघाला आहात. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. दसऱ्यापासून पलंगावर निजलेली आई तुळजाभवानी पौर्णिमेला सिंहासनावर येते, म्हणून अख्खं सोलापूर रस्त्यावर आहे. तुमच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी.

तामलवाडीच्या आसपास पाय जड होतात. "बसा की ओ जरा," म्हणत कुणीतरी चादरीवर जागा करून देतं. समोर देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी-आराधिणींचा मेळा. एकाच्या काखेत चौंडकं आहे. कातड्याच्या मधोमध ओवलेली तात ताणली की सूर चढतो, सैल सोडली की घसरत खाली येतो. तुणतुण्याची एकच तार एकच सूर धरून बसली आहे. तीच ओळ दहादा, वीसदा येते आणि दर वेळी आणखी आत उतरते. एका बाईचे केस सुटतात, ती घुमू लागते. तुम्हालाही चांदणं हलल्यासारखं वाटतं.

शेजारच्या पोरानं उपरण्यावर टेपरेकॉर्डर ठेवलाय. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. गाणं ऐन रंगात असताना खट्! बाजू संपली. तो उलटवेपर्यंत दोन ओळी निघून जातात.

त्या पोराकडून मागून घेतलेली हीच कॅसेट पुढे घरी ऐकाल तेव्हा खरखरीतून एसटीचा हॉर्न येईल, कुणाचा खोकला येईल. रात्री सेल उतरत गेले, टेप हळू फिरली. म्हणून शेवटची गाणी चढ्या पट्टीत, थोडी घाईनं धावतील. मंगळवेढ्याचे गायक प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कंपन्यांच्या कॅसेटींनी घरोघरी नेला. या आराधिणींच्या वाट्याला ही एवढीच कॅसेट आली. आज 'लो-फाय' म्हणून गाण्यात मुद्दाम खरखर मिसळतात. इथे ती त्या रस्त्याची, त्या रात्रीची आहे. ती पुसली तर रातही पुसली जाईल.

आता त्या रात्रीतून परत या. तुमच्या माळ्यावरच्या डब्यातही अशी एखादी कॅसेट असेल. टेपवरचा थर वर्षागणिक सुटत जातो. ती काढा, फोनमध्ये उतरवून घ्या, आणि घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवर गाणारीचं नाव आणि गाव विचारून लिहून ठेवा.