सोळा आणे पीक म्हणजे किती?

पावसाळा उलटला, म्हणजे महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत दरवर्षी एक लहानसे वृत्त येते : अमुक तालुक्यातील इतक्या गावांची पैसेवारी पन्नासच्या आत. शहरातल्या वाचकाची नजर त्यावरून सहज घसरून जाते. खेड्यातल्या माणसाचे तसे नाही. पैसेवारी पन्नासच्या आत आली, तर जमीनमहसुलात सवलत, कर्जवसुलीस स्थगिती, मुलांच्या परीक्षेची फी माफ, अशा गोष्टींची वाट मोकळी होण्याचा संभव असतो. ती एकावन्न आली, की शेजारच्या गावाला मिळालेले आपल्याला मिळत नाही. मग दोन्ही गावांवर पाऊस एकच पडलेला असो. या आकड्याचे जुने नाव आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि कागदोपत्री आण्यांचे पैसे झाले. लोकांच्या तोंडचा शब्द मात्र आणेवारी हाच राहिला.

घरपट्टी आकारणाऱ्याचे काम त्या मानाने सोपे असते. घर जागचे हलत नाही. भिंती मोजता येतात, भाडे किती येईल याचा अंदाज शेजारच्या घरावरून करता येतो. जमिनीच्या साऱ्याला मात्र दोन मोजण्या लागतात. एक जमिनीची, दुसरी त्या वर्षीच्या पिकाची. पहिली मोजणी या देशात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जवळजवळ शास्त्राच्या कोटीला पोचली. दुसरी मात्र पुष्कळ काळ नजरेच्या अंदाजावर राहिली. साऱ्यावरून जे मोठे तंटे झाले, त्यांतील कित्येक या दुसऱ्या मोजणीतून उद्भवले.

पेशवाईत या दोन मोजण्या फारशा वेगळ्या मानीत नसत. गावाची जमाबंदी दरसाल ठरे. एका बाजूला मामलतदार किंवा कमाविसदार, दुसऱ्या बाजूला पाटील आणि कुळकर्णी, अशी बोलणी होत. अवर्षण झाले, टोळ पडले, फौजेच्या मुक्कामाने उभे पीक तुडवले गेले, तर गाव हुजुरास अर्ज करी आणि पाहणी होऊन सूट किंवा तहकुबी मिळे. हे दोन शब्द त्या वेळेपासून वेगवेगळ्या अर्थाने चालत आले आहेत. सूट म्हणजे सोडलेली रक्कम. तहकुबी म्हणजे पुढल्या सालावर ढकललेली. या पद्धतीत वशिल्याला जागा होती, घासाघीस तर होतीच. पण संकट आलेल्या वर्षी संकट धरून हिशेब करण्याची सोयही तीतच होती. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या आणि ही सोय बुडाली. इजारदाराला दिलेला पैसा व्याजासह काढायचा असे. त्याला पाऊस पडला की नाही याच्याशी काय कर्तव्य?

१८१८ मध्ये इंग्रजांचे राज्य आले. नव्या सरकारला दरसालची घासाघीस नको होती. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे दख्खनच्या पाहणीचे काम सोपविण्यात आले. हा गृहस्थ इंग्लंडातील हेलीबरीच्या विद्यालयात शिकलेला. तेथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होते. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नापैकी ५५ टक्के सरकारने घ्यावे, असा त्याचा सिद्धान्त होता. कागदावर तो निर्दोष होता. परंतु हजारो शेतांचे उत्पन्न आणि खर्च काढणार कोण? हाताखालच्या माणसांनी आकडे लिहिले. काही चुकून लिहिले, काही पैसे घेऊन लिहिले. १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात हे दर लागू झाले. भीमा आणि नीरा यांच्या मधला हा प्रदेश, पाऊस बेभरवशाचा. पाचसहा वर्षांत जमिनी ओस पडल्या आणि रयत सरहद्द ओलांडून निजामाच्या मुलखात जाऊ लागली.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी इंदापुरास आला. त्याच्या जोडीस जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर देण्यात आला. या दोघांनी प्रिंगलचा सिद्धान्त बाजूस ठेवला आणि जमिनीकडे पाहिले, हे त्यांचे मोठेपण. उत्पन्नाचा हिशेब त्यांनी केलाच नाही. मातीचा केला.

त्यांची रीत थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शेताचा लहानसा नकाशा काढून त्याचे चौकोन पाडीत. प्रत्येक चौकोनात माती कोणत्या जातीची आणि किती खोल, ते पाहत. मातीच्या जाती तीन : बारीक पोताची काळी, जरा भरड, बहुधा तांबूस, आणि खडकाळ, मुरमाड. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असली, तर ती सोळा आण्यांची जमीन. खोली कमी होत जाईल तशी प्रत उतरे : चौदा आणे, बारा आणे, असे करीत नवव्या प्रतीला दोन आणे. मातीत वाळू असली, चुनखडी असली, जमीन उताराची असली किंवा पाण्याखाली जाणारी असली, तर त्या त्या दोषाची खूण चौकोनात मांडून प्रत एकेक पायरी खाली आणीत. नांगर चालणार नाही असा तुकडा पोटखराब म्हणून आकारातून वगळला जाई. मग हवामान, बाजारपेठेचे अंतर आणि मागील वसुलीचा अनुभव पाहून गावांच्या गटास एक कमाल दर ठरे. शेताचे आणे त्याच्याशी लावले, की सारा निघे. हा आकार ३० वर्षे बदलायचा नाही, आणि रयतेने स्वखर्चाने विहीर खणली तर तिच्यावर कर बसवायचा नाही, अशी हमी होती. इंदापूरचे दर उतरले आणि ओस जमीन पुन्हा लागवडीस आली. १८४० आणि १८४७ च्या संयुक्त अहवालांत ही रीत नियमबद्ध झाली. धारवाड-बेळगावकडील मोजणी स्वतः विंगेटच्या देखरेखीखाली चालली. त्या भागात आजही जमिनीच्या उताऱ्याला पाहणी म्हणतात, यात नवल नाही.

मात्र या उत्तम रचनेत एक गोष्ट गृहीत धरली होती. दर मुळातच माफक ठेवला आहे, तेव्हा सुकाळात रयतेने शिल्लक टाकावी आणि दुष्काळात त्या शिलकेतून सारा भरावा. तीस वर्षांची सरासरी धरली म्हणजे चांगले-वाईट आपोआप सारखे होते, असा हा विचार. सरासरीला पोट नसते. ज्याच्या घरी चार महिन्यांचे धान्य उरत नाही, तो सुकाळातली शिल्लक कोठे टाकणार? ती पूर्वीच्या कर्जापोटी सावकाराकडे जाई, आणि वाईट साली सारा भरण्यासाठी पुन्हा त्याच्याच दारी उभे राहावे लागे. याची जाणीव खुद्द विंगेटला होती. १८५२ मध्ये त्याने सावकारी पाशाविषयी सरकारास इशारा दिला होता.

तीस वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते. सारा बराच वाढला. पुढे भाव उतरले. सारा उतरला नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कर्जखते जाळण्यात आली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. दुसऱ्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस गेला. सोलापूर, पुणे, नगर, साताऱ्यापासून विजापूर-धारवाडपर्यंत दुष्काळ पडला. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडण्याचे काम हाती घेतले. पीक किती आले हे मोजण्याचा अधिकार केवळ सरकारी अंमलदाराचा नाही, ही गोष्ट कोणी मोठ्याने न सांगता तेथून रुजू लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेने आणि टिळकांच्या 'केसरी'ने रयतेला तिचे कायद्यातील हक्क समजावून दिले. गुरे विकून सारा भरू नका, असे बजावले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली.

नंतरचा छप्पन्नाचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००, गुजरातेत भयंकर झाला. सर अँटनी मॅकडॉनेल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९०१ मध्ये तहकुबी आरंभीच जाहीर व्हावी यावर भर दिला. त्याच वर्षी मुंबई सरकारने थकबाकीसाठी खालसा झालेल्या जमिनी मर्यादित हक्काने परत देण्याचे विधेयक आणले. त्याच्या निषेधार्थ फिरोजशहा मेहता, गोखले आदी सभासद कौन्सिलातून उठून गेले. पुढे तहकुबीचे नियम पक्के झाले. पीक चार आण्यांच्या आत असेल तर साऱ्याची पूर्ण तहकुबी, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान अर्धी, त्याच्या वर असेल तर पूर्ण वसुली.

नियम स्वच्छ झाला आणि भांडण आकड्यात शिरले. समजा, एका गावात चांगल्या सालाचे बाजरीचे पीक एकरी सोळा मण धरले आणि यंदा चार मण आले. आणेवारी चार झाली. तेच चांगल्या सालाचे पीक कोणी दहा मणच लिहिले असेल, तर त्याच चार मणांची आणेवारी सहाच्या वर जाते आणि सारा पुरा भरावा लागतो. शेत तेच, कणसे तीच. बदलले ते दप्तरातले प्रमाण. शिवाय चार मण की सहा मण हे खळ्यावर कळते. उभ्या पिकात घोड्यावरून फेरी मारून ते सांगणे कठीण. अंमलदार लबाडच असला पाहिजे असे नाही. वसुलीची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्याच नजरेला पीक दाट दिसते, एवढे म्हटले तरी पुरे.

१९१८ चा खेडा सत्याग्रह नेमका याच आकड्यावर झाला. १९१७ च्या पावसाळ्यात तेथे अवर्षण नव्हते, अतिवृष्टी होती. खरीप कुजून गेले. आणेवारी चारच्या आत आहे असे रयतेचे म्हणणे, ती वर आहे असे सरकारचे. भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी आणि ठक्कर हे चौकशीस गेले. गुजरात सभेचे कार्यकर्ते शेतोशेत हिंडले. गांधीजींची मागणी सारा रद्द करण्याची नव्हतीच. निःपक्ष चौकशी करा, एवढीच ती होती. ती अमान्य झाली, तेव्हा २२ मार्च रोजी नडियादला सारा न भरण्याची प्रतिज्ञा झाली. जप्त्या आल्या, चौथाईच्या नोटिसा आल्या. जप्त केलेल्या शेतातील कांदा काढून नेला म्हणून मोहनलाल पंड्या तुरुंगात गेले आणि लोकांनी त्यांना कौतुकाने कांदाचोर म्हटले. जूनमध्ये तडजोड झाली : ऐपतदारांनी भरावे, गरिबांची वसुली थांबवावी. गांधीजींना या शेवटाचा आनंद झाला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. गरीब कोण हे ठरविण्याचे काम पुन्हा अंमलदाराकडेच गेले, आणि चार आणे की अधिक, या मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

बारडोलीचा १९२८ चा लढा अधिक गाजला. परंतु तो पहिल्या मोजणीचा, म्हणजे फेरआकारणीचा होता. तेथे सरकारने २२ टक्के वाढ केली होती; ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन पाहिले, तेव्हा योग्य वाढ सुमारे ६ टक्के निघाली. सरकारच्याच अधिकाऱ्यांनी शेतात पाय ठेवताच आकडा इतका उतरावा, यापेक्षा रयतेच्या बाजूचा पुरावा कोणता हवा होता?

स्वातंत्र्यानंतर साऱ्याचे वजन कमी झाले. सातबाराच्या उताऱ्यावर आजही आकार म्हणून काही रुपये-पैसे छापलेले असतात. त्यांचे मूळ त्या जुन्या प्रतबंदीत आहे, पण तेवढ्यासाठी आता कोणाचे घर बुडत नाही. महत्त्व वाढले ते दुसऱ्या मोजणीचे. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा पायऱ्यांनी पैसेवारी निघते. पीककापणीचे प्रयोग होतात. गावच्या समितीत तलाठ्याबरोबर सरपंच आणि शेतकरीही बसतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने दुष्काळ ठरविण्यासाठी नवी संहिता केली आणि पुढल्या वर्षी महाराष्ट्राने ती स्वीकारली. तिच्यात पावसाची तूट, पावसातील खंड, मातीतील ओल आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई हे निकष आहेत. पण उपग्रहाला पात हिरवी दिसते. कणसात दाणा भरला की नाही हे दिसत नाही. म्हणून त्याच संहितेत दहा टक्के गावे निवडून प्रत्यक्ष शेतात जाऊन पीक पाहण्याची अट घातलेली आहे.