कॉलिन जॅक्सन : अडथळ्यांच्या शर्यतीकडून क्रीडाप्रक्षेपणाकडे

कार्डिफ येथे १९६७ मध्ये जन्मलेल्या कॉलिन जॅक्सन यांनी १९९३ च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १२.९१ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम नोंदविला. ऑलिंपिकमध्ये मात्र १९८८ च्या सेऊल येथील रौप्यपदकापलीकडे त्यांना जाता आले नाही. त्यांच्या मूल्यमापनात ही उणीव पुढे केली जाते, काहीशी अन्यायानेच. २००३ साली निवृत्त झाल्यावर ते बी.बी.सी.च्या ॲथलेटिक्स प्रक्षेपणात विश्लेषक म्हणून दाखल झाले. दहा अडथळ्यांच्या या शर्यतीत पहिल्या अडथळ्यापर्यंतची पावले आणि अडथळ्यावरील देहाचा झुकाव यांवर बरेच काही ठरते; ते प्रेक्षकांस उलगडून दाखविण्यास धावपटूचीच नजर हवी. लिऊ शियांग यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे त्या विक्रमाची बरोबरी केली, तीही ऑलिंपिक सुवर्णपदकासह. २००६ मध्ये १२.८८ सेकंदांची वेळ देऊन त्यांनीच तो मोडला.