लगाम कोणाच्या हाती?

साम्राज्य म्हटले की आपल्याला फौजा, किल्ले आणि खंडणी आठवते. पण दूरदूरच्या प्रदेशांवर केवळ फौजेच्या बळावर किती काळ राज्य करता येईल? रसायनशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या आयझॅक असिमोव्ह यांनी १९४१ मध्ये या प्रश्नाभोवती विज्ञानकथा रचायला घेतल्या. प्रेरणा होती गिबन यांनी लिहिलेल्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाची. मासिकात १९४२ पासून आलेल्या या कथांपैकी पहिल्या काही १९५१ मध्ये 'फाउंडेशन' या पुस्तकात एकत्र झाल्या.

या कथांमधील साम्राज्यात सुमारे अडीच कोटी ग्रह आहेत. राजधानी ट्रँटरची वस्ती ४० अब्जांवर. तेथे शेतीला जमीनच उरलेली नाही. धान्य येते ते वीस शेतीप्रधान ग्रहांवरून. येथे रोमची आठवण होते. रोमचे बरेचसे धान्य इजिप्तमधून येई आणि म्हणूनच सम्राट ऑगस्टसने आपल्या परवानगीशिवाय सिनेटरांना इजिप्तमध्ये पाऊल ठेवण्यास मनाई केली होती. म्हणजे राज्यकर्ताही अंकितांवर अवलंबून असतो.

पुढे साम्राज्याच्या कडा तुटतात. तेथील टर्मिनस या ग्रहावर वैज्ञानिकांची छोटी वसाहत आहे. तिच्याजवळ ना धातू, ना फौज. शेजारच्या चार राज्यांना अणुशक्तीचे ज्ञान उरलेले नाही. टर्मिनस त्यांना अणुयंत्रे देते, पण धर्माच्या वेष्टनात. यंत्रे चालवणारे पुरोहित टर्मिनसवरच तयार होतात. कोणती कळ केव्हा दाबायची हे त्यांना पाठ असते. का दाबायची, हे मात्र ठाऊक नसते.

अॅनाक्रिऑनचे राज्य टर्मिनसवर आरमार पाठवते, तेव्हा मुख्य जहाजावरील पुरोहित शाप उच्चारतो आणि जहाज बंद पडते. सैनिक हादरतात. खरे कारण साधे आहे: जहाज दुरुस्त करतानाच टर्मिनसच्या तंत्रज्ञांनी त्यात ते बंद पाडणारी योजना बसवून ठेवलेली असते.

पुढच्या काळात पुरोहितांची जागा व्यापारी घेतात. कोरेल हा ग्रह धर्म नाकारतो, पण घरगुती आणि कारखान्यातील उपकरणे विकत घेतो. युद्ध सुरू होताच पुरवठा थांबतो, एकेक उपकरण बंद पडू लागते आणि मोठी लढाई न होताच कोरेल शरण जाते.

धर्म असो वा व्यापार, लगाम एकच: वापरणाऱ्याला यंत्र कळत नाही. अर्थात ही कथा आहे. प्रत्यक्षात कोणीतरी जिज्ञासू यंत्र उघडून पाहीलच, अशी शंका आपण घेऊ शकतो. पण त्यासाठी आधी जिज्ञासा जिवंत राहायला हवी.

येथे हा विषय आपल्या वर्गापर्यंत येतो. ओहमचा नियम घडाघडा म्हणणारा, पण बॅटरी, तार आणि दिवा हाती दिल्यावर गोंधळणारा विद्यार्थी अॅनाक्रिऑनच्या पुरोहितापेक्षा कितीसा वेगळा? आम्हांला वाटते, मुलांना एखादी जुनी विजेरी उघडू द्यावी, बिघडवू द्यावी आणि पुन्हा जोडू द्यावी. ज्याला यंत्र उघडता येते, त्याला लगाम घालणे अवघड जाते.