तळटीप ७ : गोधडी आणि सांत्वन

७. दुःखातल्या समाजाने मिळून शिवलेली स्मृती-गोधडी ही अमेरिकी कल्पना, असे मूळ लेखात म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. एड्सने गेलेल्यांच्या नावांचे तुकडे जोडून केलेली गोधडी ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर प्रथम पसरली गेली. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. शोक असा चारचौघांत मांडण्याची रीत तिकडचीच. पण गेलेल्या माणसाचे कापड सांधून अंगावर घेणे छत्रपती संभाजीनगर, पैठण, वैजापूरकडच्या घरांना नवे नाही. आजीचे विटके लुगडे, आजोबांचे धोतर एकावर एक अंथरायचे आणि कडेने धावदोरा घालत आत यायचे. शेजारणींचा हात लागला की काम उरकते, आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टीही निघतात.

यावर आक्षेप येतो, की गोधडी ही गरिबीतली काटकसर. तिला स्मारक कशाला म्हणायचे? काटकसर आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढेच असते तर कोणतीही चिंधी चालली असती. आईचेच लुगडे निवडून वरच्या पदराला का लावतात, याचे उत्तर काटकसरीत सापडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : मृताचे कपडे देऊन टाकण्याची चाल अनेक घरांत आहे. तरीही एखादे लुगडे मागे ठेवले जाते, आणि ते बहुधा गोधडीसाठीच. वॉशिंग्टनची गोधडी पाहण्यासाठी आहे, आपली पांघरण्यासाठी. म्हणूनच ती वापरून झिजते आणि स्मारकांच्या यादीत येत नाही.